नव्या विद्युत मोटारीतील उग्र वास, केबिनमधील रसायने आणि नागपूरचा उन्हाळा : नेमके काय करावे?

प्रश्न : वर्धारोड (नागपूर)

सर्व सदस्यांना नमस्कार.

गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर आमच्या घरी विद्युत मोटार आली. इंधनाचा खर्च कमी झाला आणि गाडी चालवायलाही उत्तम आहे. मात्र एप्रिलचे ऊन तापू लागल्यापासून संध्याकाळी दार उघडताच जो उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास अंगावर येतो, त्यामुळे आम्ही दोघेही काळजीत पडलो आहोत. माझ्या कार्यालयाचा वाहनतळ पूर्ण उघडा आहे, गाडीला काचेचे मोठे छप्पर आहे आणि आसने कृत्रिम चामड्याची आहेत. मागच्या आसनावर आमची दोन वर्षांची मुलगी तिच्या बालआसनात बसते आणि कंटाळा आला की पट्ट्याची कड तोंडात घालते.

गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने भेट म्हणून रेक्झिनची आसन-आवरणे, पायाखाली जाड सेव्हन डी मॅट आणि डॅशबोर्डवर चिकटवायची अत्तराची कुपी दिली. नव्या गाडीचा वास चांगलाच असतो, हळूहळू जाईल, असेही सांगण्यात आले. दुसरीकडे व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो आहे, त्यात डॅशबोर्डमधून बेंझिन बाहेर पडते आणि गाडीत बसताच एसी लावल्यास कर्करोग होतो, असे आकड्यांसह लिहिले आहे. बाबांनी उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधून ठेवली आहे, आणि तोही वास कधीकधी आत येतो.

एका चार्जमध्ये जास्त अंतर मिळावे म्हणून मी एसी कायम आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवतो. हे योग्य आहे का? वासातले घटक खरोखर घातक आहेत का, ते किती काळ राहतात, आणि पायाखाली असलेल्या बॅटरीतून काही रसायने केबिनमध्ये येतात का, याबद्दल ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : चाकणकर

नमस्कार. मी चाकण परिसरात मोटारींच्या अंतर्भागाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आपल्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम बॅटरीविषयी. विद्युत मोटारीची बॅटरी केबिनच्या तळाखाली स्वतंत्र, सीलबंद पेटीत असते आणि तिच्या दाबमुक्तीच्या झडपा गाडीच्या बाहेर उघडतात. नेहमीच्या वापरात तिच्यातून केबिनमध्ये काही येत नाही. अपघातानंतर किंवा गाडीच्या तळाला मोठा धक्का बसल्यानंतर गोडसर, द्रावकासारखा वास आला किंवा पांढुरकी वाफ दिसली, तर मात्र क्षणाचाही विचार न करता सर्वांनी गाडीपासून दूर जावे. ती आणीबाणीची गोष्ट आहे. आपण ज्या वासाबद्दल विचारत आहात त्याच्याशी तिचा संबंध नाही.

आपल्याला झोंबणारा वास अंतर्भागातल्या साहित्याचा आहे. आसनाचा पॉलियुरेथेन फोम, डॅशबोर्डचे प्लास्टिक, छताचे अस्तर चिकटवणारा गोंद, कृत्रिम चामड्यावरचा लेप आणि दारातल्या पॉलिअ‍ॅसिटल नावाच्या प्लास्टिकच्या बारीक क्लिपा, या सगळ्यांतून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी कार्बनयुक्त रसायने, संथपणे बाहेर पडत असतात. त्यांत फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, टोल्युइन, झायलीन, स्टायरिन ही प्रमुख होत. फॉर्मल्डिहाइड आणि बेंझिन ही दोन्ही रसायने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारी म्हणून पहिल्या गटात घातली आहेत, त्यामुळे आपली काळजी अनाठायी नाही. मात्र धोका मात्रेवर आणि काळावर अवलंबून असतो, आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

पेट्रोल गाडी आणि विद्युत मोटार यांत फरक कुठे आहे, हे समजून घ्यावे. पेट्रोल गाडीत इंधनाच्या वाफा आणि स्वतःच्या धुराचा काही अंश केबिनमध्ये शिरू शकतो, आणि बेंझिनचा मोठा वाटा तिथून येतो. विद्युत मोटारीत हा स्रोत नाही. फोम, गोंद, प्लास्टिक हे साहित्य मात्र दोन्हींत सारखेच असते. पुरवठादारही बहुतेक वेळा तेच असतात. म्हणजे पर्यावरणपूरक गाडी घेतली म्हणून तिची केबिन आपोआप स्वच्छ ठरत नाही. त्यात काचेचे मोठे छप्पर असेल तर ऊन थेट आसनांवर येते आणि उत्सर्जन वाढते.

या सगळ्या विषयात उष्णता ही एकच गोष्ट निर्णायक आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील टेंपी येथे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या केबिनमधील हवा सरासरी 47 अंश सेल्सियस, आसने सुमारे 51 अंश आणि डॅशबोर्ड तब्बल 69 अंशांपर्यंत तापल्याचे आढळले. नागपूरचा मे महिना अ‍ॅरिझोनाला हार जाणारा नाही. 2023 साली बीजिंग आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी एक नवी कोरी गाडी उन्हाळ्यात 12 दिवस बाहेर उभी करून मोजमापे घेतली, तेव्हा फॉर्मल्डिहाइडची पातळी चिनी मर्यादेपेक्षा 34.9 टक्क्यांनी, तर अ‍ॅसिटाल्डिहाइडची 60.5 टक्क्यांनी अधिक निघाली. त्यांचा निष्कर्ष आमच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो : आतल्या हवेच्या तापमानापेक्षा साहित्याच्या पृष्ठभागाचे तापमान किती आहे, यावर उत्सर्जन ठरते. म्हणून एसीने हवा गार झाली तरी डॅशबोर्ड तापलेलाच असतो आणि तो बराच वेळ वाफा सोडत राहतो.

हे प्रमाण मोजले जाते आणि त्याला मर्यादाही आहेत. चीनने 2012 पासून लागू केलेल्या मार्गदर्शक मानकात एका घनमीटर हवेत फॉर्मल्डिहाइड 0.10 मिलिग्रॅम, बेंझिन 0.11, टोल्युइन 1.10 आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड 0.05 मिलिग्रॅम अशा मर्यादा दिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची बंदिस्त जागेतील फॉर्मल्डिहाइडची मर्यादाही अर्ध्या तासाच्या सरासरीने 0.1 मिलिग्रॅमच आहे. युरोपीय संघाने 2023 मध्ये नियम करून वाहनांच्या अंतर्भागासाठी 0.062 मिलिग्रॅम ही अधिक कडक मर्यादा ठरवली असून ती ऑगस्ट 2027 पासून लागू होईल. निर्यातीच्या गाड्यांसाठी माल देणाऱ्या कारखान्यांना आतापासूनच गोंद आणि फोम बदलावे लागत आहेत, आणि त्याचा लाभ देशांतर्गत ग्राहकांनाही मिळावा, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे वासाचीही परीक्षा होते. साहित्याचा तुकडा झाकणबंद काचेच्या बरणीत घालून 80 अंशांवर दोन तास तापवतात आणि मग प्रशिक्षित माणसे एकेक करून झाकण उघडून हुंगतात आणि एक ते सहा असे गुण देतात. एक म्हणजे वासच नाही, सहा म्हणजे असह्य. या परीक्षेत काम केल्यामुळे एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो, की वासाची तीव्रता आणि अपाय यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. फोममधल्या अमाइन उत्प्रेरकाचा माशासारखा वास नकोसा होतो, पण बेंझिनची घातक मात्रा नाकाला जाणवेलच असे नाही. वास गेला म्हणजे रसायने गेली, असे समजू नये.

किती काळ राहतात? जपानमध्ये ओसाका येथे एका नव्या खासगी गाडीवर तीन वर्षांहून अधिक काळ निरीक्षण झाले होते. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी एकूण सेंद्रिय संयुगांचे प्रमाण घनमीटरमागे सुमारे 14 मिलिग्रॅम होते आणि हवेत 162 निरनिराळी संयुगे सापडली. पुढे प्रमाण झपाट्याने उतरले, पण प्रत्येक उन्हाळ्यात पुन्हा वर गेले. म्हणजे पहिले काही महिने सर्वाधिक जपायचे, आणि त्यानंतरही चैत्र-वैशाखात सावध राहायचे.

आता कृतीविषयी. आपण अंतर वाढवण्यासाठी एसी सतत आतली हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवता, ही सवय सर्वप्रथम सोडावी. माझ्या मते विद्युत मोटारींच्या बाबतीत खरा प्रश्न इथेच आहे. आतली हवा फिरवत ठेवल्याने वीज वाचते हे खरे, पण साहित्यातून निघालेली प्रत्येक वाफ आतच साठत जाते आणि प्रवाशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडही वाढतो. चार माणसे असतील तर अर्ध्या तासात तो काही हजार पीपीएमपर्यंत (हवेच्या दशलक्ष भागांत काही हजार भाग) जाऊ शकतो आणि डोके जड होते. बाहेरची हवा घेतली की ती पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून येते, केबिनमधून फिरते आणि मागच्या बंपरआड असलेल्या रबरी झडपांतून बाहेर निघून जाते. त्या झडपांकडे जाणारी वाट डिकीच्या बाजूच्या अस्तरामागून असते; तिथे सामान दाबून कोंबू नये.

विद्युत मोटारीची एक मोठी जमेची बाजू आहे, ती पुरेपूर वापरावी. इंजिन नसल्यामुळे, धुराचा कोणताही धोका न पत्करता, गाडी उभी असतानाच ॲपवरून एसी सुरू करता येतो. अगदी तळघरातल्या बंद वाहनतळातही हे करता येते, जिथे पेट्रोल गाडीचे इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. सुरुवातीला एसी साधारण दोन किलोवॉट वीज घेतो असे धरले, तर दहा मिनिटांत सुमारे एक तृतीयांश युनिट खर्च होते, म्हणजे फार तर दोन-तीन किलोमीटरचे अंतर. मुलीच्या फुफ्फुसांसाठी ही किंमत फारच थोडी आहे. मात्र काही गाड्यांत ॲपवरून सुरू केलेला एसी आतली हवा फिरवण्याच्या स्थितीतच चालू होतो. तशी गाडी असेल तर केबिन गार होते, पण वाफा आतच राहतात. आपल्या गाडीत काय होते ते एकदा बाहेर उभे राहून, काचेतून पडद्यावरचे चिन्ह पाहून तपासावे.

क्रम असा ठेवावा : आधी चारही दारे किंवा काचा दोन मिनिटे उघड्या, मग बाहेरच्या हवेसह एसी, आणि सर्वांत शेवटी मुलीला आत बसवणे. पुढे ट्रक किंवा धूर ओकणारी बस असेल, घाटातला बोगदा असेल किंवा कचरा जळत असेल, तेवढ्यापुरती आतली हवा फिरवावी आणि तो टप्पा ओलांडताच पुन्हा बाहेरची घ्यावी.

उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून चंदेरी परावर्तक पडदा लावावा, आणि काचेच्या छपरासाठीही तसा पडदा मिळतो तो जरूर घ्यावा. काळी फिल्म लावण्याचा मोह टाळावा. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा, असा नियम आहे.

रेक्झिनची आवरणे आणि जाड मॅट काढून परत करता आली तर करावीत. कारखान्यातून येणाऱ्या साहित्याची निदान काही चाचणी झालेली असते. बाजारातल्या आवरणांच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावे म्हणून कोणते मृदुकारक मिसळले आहेत आणि ती कोणत्या गोंदाने चिकटवली आहेत, याची कोणतीही माहिती ग्राहकाला मिळत नाही. एकदा पांढऱ्या कापडाने पुढच्या काचेची आतली बाजू पुसून पाहावी. नवी गाडी उन्हात राहिली असेल तर कापडावर धूसर, तेलकट डाग उमटतो. तो धुळीचा नसतो. आतल्या प्लास्टिकमधून निघून काचेवर थिजलेली ती रसायने असतात.

व्हॉट्सॲपच्या संदेशाबद्दल एवढेच सांगतो, की त्यात बेंझिनचे प्रमाण चौरस फुटामागे मिलिग्रॅममध्ये दिलेले आहे. हवेतील प्रमाण घनफळात मोजतात, क्षेत्रफळात नाही. ज्याला एकक माहीत नाही त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. काचा उघडून गरम हवा बाहेर घालवा, हा त्यातला सल्ला मात्र योग्य आहे.

उत्तर २ : बालवैद्य (नाशिक)

चाकणकर यांनी गाडीची बाजू उत्तम मांडली आहे. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून फक्त दोन गोष्टींवर लिहिते.

पहिली गोष्ट डांबराच्या गोळ्यांची. ती पुरचुंडी आजच काढून टाका, ताई किंवा दादा जे असाल ते; यात विलंब नको. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. बॉनेटखालची जागा केबिनमध्ये हवा घेणाऱ्या जाळीच्या अगदी जवळ असते, त्यामुळे बाहेरची हवा घेतली की नॅफ्थलीनची वाफ सरळ मुलीच्या नाकापर्यंत पोहोचते. ते संभाव्य कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. ज्या मुलांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्यात नॅफ्थलीनच्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो, आणि अशी कमतरता आहे हे बऱ्याच घरांत आधी ठाऊकही नसते. उंदरांसाठी वायरींवर जाळीचे संरक्षक आवरण बसवून घेता येते, वाहनतळ स्वच्छ ठेवता येतो. बाबांना हे कारण सांगितले तर ते नक्की ऐकतील. कापराच्या वड्या गाडीत ठेवण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. लहान मुलाने कापूर गिळला तर थोड्या मात्रेतही झटके येऊ शकतात, म्हणून तोही गाडीत नको.

दुसरी गोष्ट बालआसनाची. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते आणि हात, पट्टा, खेळणे, जे हाती लागेल ते तोंडात घालते. उन्हाने पट्ट्याची कडी भाजण्याइतकी तापते, तेव्हा ती आधी हाताने तपासा. पट्ट्यांचे कापड साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, त्यावर कोणताही सुगंधी फवारा मारू नका. डोळे चुरचुरणे, शिंका, कोरडा खोकला ही लक्षणे गाडीत सुरू होऊन बाहेर आल्यावर शमत असतील, तर तुमच्या डॉक्टरांना हा संबंध आवर्जून सांगा. दम्याचा कौटुंबिक इतिहास असेल तर अधिकच.

उत्तर ३ : हिंजवडी_रात्रपाळी

मी पुण्यात एका कंत्राटदाराकडे विद्युत टॅक्सी चालवतो. माहिती-तंत्रज्ञान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना रात्री घरी पोहोचवायचे काम असते. येथे बहुतेकांनी रोज तासभर गाडीत बसणाऱ्या कुटुंबाचा विचार केला आहे, आणि तो बरोबरच आहे. पण आमच्यासारखा माणूस दहा-बारा तास त्याच केबिनमध्ये असतो, म्हणून आमचीही बाजू मांडतो.

आधीच्या डिझेल गाडीत थांबलो की इंजिन बंद करावे लागे, मग काच खाली करून बसायचे. आता गाडी आवाज करत नाही, एसी चालू राहतो, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मध्ये सर्व चालक काचा लावून, आसन मागे करून आतच झोपतात. कंत्राटदाराचा आग्रह असतो की चार्ज वाचवण्यासाठी आतलीच हवा फिरवा. प्रवाशांना प्रसन्न वाटावे म्हणून डॅशबोर्डवर अत्तराचा डबा, आसनाखाली दुसरा डबा, आणि प्रत्येक फेरीनंतर फवारा असा नियमच आहे. पहाटे तीनच्या सुमारास कपाळ जड होते आणि घसा सुकतो. ते जागरणामुळे असेल असे सगळे धरून चालतात.

गेल्या काही आठवड्यांपासून मी एवढेच बदलले आहे, की थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली ठेवतो, हवेचे बटण बाहेरच्या हवेवर ठेवतो आणि आसनाखालचा डबा झाकण लावून डिकीत टाकतो. डोके जड होणे बरेच कमी झाले आहे. माझा प्रश्न असा, की या अत्तरांमध्ये खरोखर काही वाईट असते का, आणि कंत्राटदाराला पटेल असे कारण मी त्याला काय सांगावे? बाजारात सिगारेटच्या खाचेत लावायचे आयनवाले हवाशुद्धीकरण यंत्र मिळते, ते घ्यावे का?

उत्तर ४ : चाकणकर

हिंजवडीचे मित्र, आपण मांडलेली बाजू या चर्चेत सर्वांत महत्त्वाची आहे. 2021 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेतून आलेखया रेड्डम आणि डेव्हिड व्होल्झ यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा होता की रोज 20 मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडीत घालवणाऱ्यांच्या बाबतीत बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइडची मात्रा त्या राज्याच्या सुरक्षित मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता असते. तो अभ्यास आधी प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून केलेला हिशेब होता आणि कॅलिफोर्नियाच्या मर्यादा अतिशय कडक आहेत, हे लक्षात घ्यावे. तरीही वीस मिनिटांवर जिथे विचार होतो, तिथे बारा तास बसणाऱ्या चालकाचा विचार कुणीच करू नये, हे अयोग्य आहे.

अत्तरांविषयी : बहुतेक सुगंधकांत लिमोनिन, लिनालूल यांसारखी संयुगे असतात. त्यांची ओझोनशी अभिक्रिया झाली की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. आपण ज्या आयन यंत्राबद्दल विचारता, त्यांपैकी अनेक यंत्रे ओझोन निर्माण करतात, आणि ओझोन स्वतःच फुफ्फुसांना अपायकारक आहे. म्हणजे अत्तर आणि आयन यंत्र एकत्र ठेवणे हे बंद केबिनमध्ये फॉर्मल्डिहाइड तयार करण्यासारखेच आहे. ते यंत्र घेऊ नये.

घ्यायचे असेल तर सक्रिय कोळशाचा केबिन फिल्टर घ्यावा. फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन खटके दाबून खण खाली उतरवला की दिसतो. पांढरा, साध्या कागदासारखा असेल तर तो फक्त धूळ अडवतो. राखाडी-काळा असेल तर त्यात कोळसा आहे. हेपा असे लिहिलेला फिल्टर कण उत्तम अडवतो, पण वायूंवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. कोळसा टोल्युइन, झायलीन, बेंझिन चांगले शोषतो. फॉर्मल्डिहाइड मात्र साध्या कोळशाला फारसे धरून राहत नाही, त्यासाठी रसायन-संस्कारित कोळसा लागतो. त्यामुळे फिल्टर बसवला तरी बाहेरची हवा घेणे सुटत नाही. टॅक्सीचा फिल्टर धुळीच्या रस्त्यांवर वर्षभर चालणार नाही, हेही कंत्राटदाराला सांगावे.

कारण विचारलेत म्हणून सांगतो : कंत्राटदाराला आरोग्यापेक्षा अपघाताचे कारण लवकर पटेल. बंद केबिनमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढला की झोप येते आणि प्रतिसाद मंदावतो, आणि रात्रपाळीच्या चालकाबाबत ती जोखीम त्याच्याही गाडीची आणि प्रवाशांची आहे.

पूरक प्रश्न : वर्धारोड (नागपूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुरचुंडी काढली, बाबांनी हरकत घेतली नाही. अत्तराची कुपी आणि मॅट परत केली. विक्रेत्याने आवरणे परत घेण्यास नकार दिला, तरी आम्ही ती काढून गच्चीवर टाकली आहेत. ॲपवरून एसी लावल्यावर आतलीच हवा फिरते, हेही तपासून पाहिले. आता गाडी बंद करण्यापूर्वी बटण बाहेरच्या हवेवर ठेवले की पुढच्या वेळी तेच कायम राहते.

दोन शंका उरल्या आहेत. गाडी मुद्दाम उन्हात तापवून रसायने एकदाची काढून टाकावीत, असे एका शेजाऱ्यांनी सुचवले आहे. आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त फॉर्मल्डिहाइड मापक घेऊन काही कळेल का?

उत्तर ५ : सॅनहोजे_मराठी

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्याकडेही विद्युत मोटार आहे, त्यामुळे हा विषय मी जवळून पाहतो.

तापवण्याने उत्सर्जन वाढते, पण काचा बंद असतील तर वाफा बाहेर न जाता आसनाच्या कापडात आणि अस्तरात पुन्हा मुरतात. घराच्या अंगणात, कुणीही आत नसताना, सर्व काचा उघड्या ठेवून उन्हात उभी करणे उपयोगाचे आहे. मापकाबाबत निराशाच आहे. स्वस्त संवेदक अल्कोहोल आणि अत्तरालाही फॉर्मल्डिहाइड समजतात. हात निर्जंतुक करण्याचा द्रव वापरलात तरी आकडा उसळी घेतो.

आतापर्यंत कुणी उल्लेख केला नाही असा एक मुद्दा मांडतो, तो म्हणजे अग्निरोधक रसायनांचा. अमेरिकेत 1972 पासून लागू असलेल्या नियमानुसार गाडीतील साहित्य मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. ही चाचणी पार करण्यासाठी आसनांच्या फोममध्ये अग्निरोधक मिसळले जातात. 2024 मध्ये ड्यूक विद्यापीठ आणि ग्रीन सायन्स पॉलिसी इन्स्टिट्यूट यांच्या संशोधकांनी 2015 नंतरच्या 101 गाड्यांच्या केबिनमधील हवा तपासली. त्यांत पेट्रोल, संकरित (हायब्रिड) आणि विद्युत अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या होत्या. टीसीआयपीपी नावाचे अग्निरोधक 99 टक्के गाड्यांत आढळले, आणि अनेक गाड्यांत टीडीसीआयपीपी आणि टीसीईपी हीदेखील सापडली. ही शेवटची दोन्ही कॅलिफोर्नियाच्या कर्करोगकारकांच्या यादीत आहेत. उन्हाळ्यात पातळी दोन ते पाच पटींनी अधिक होती आणि स्रोत आसनाचा फोमच होता. इथल्या अग्निशामक दलाच्या संघटनेनेच हा जुना नियम बदलण्याची मागणी केली आहे, कारण त्यांच्या मते या रसायनांमुळे आग लागल्यावर फारसे संरक्षण मिळत नाही, उलट धूर अधिक विषारी होतो. घरातील फर्निचरचा असाच जुना नियम कॅलिफोर्नियाने बदलला आहे, म्हणून गाड्यांचाही बदलू शकतो, अशी मला आशा आहे.

ही रसायने नव्या गाडीच्या वासाप्रमाणे काही महिन्यांत उतरत नाहीत, आणि त्यांना वासही नसतो. ती धुळीला चिकटतात. म्हणून आसनांच्या फटी आणि बालआसनाखालची जागा नियमित व्हॅक्यूमने साफ करावी, डॅशबोर्ड चमकवणाऱ्या फवाऱ्याऐवजी ओल्या मायक्रोफायबर कापडाने पुसावा, आणि गाडीतून उतरल्यावर मुलीला काही खायला देण्यापूर्वी तिचे हात धुवावेत. आसनाचे कापड फाटून फोम उघडा पडला असेल, तर तो लगेच शिवून घ्यावा. टॅक्सीच्या चालकांना हे विशेषकरून सांगतो, कारण जुन्या टॅक्सीत दाराकडची कड हमखास उसवलेली असते.

उत्तर ६ : चाकणकर

सॅन होजेच्या मित्रांशी पूर्ण सहमत आहे. एक शेवटची विनंती वर्धारोड यांना. गाडीच्या कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी पत्र पाठवा. फक्त वास येतो असे लिहिले तर वास निघून जाईल असेच उत्तर येईल. त्याऐवजी असे विचारा, की या प्रारूपाची (मॉडेलची) आयएसओ 12219 या गाडीच्या केबिन-हवेच्या आंतरराष्ट्रीय मानक मालिकेतील पहिल्या भागानुसार संपूर्ण गाडीची केबिन-हवा चाचणी झाली आहे का, झाली असल्यास 23 अंशांवरील आणि कृत्रिम उन्हात तापवलेल्या अशा दोन्ही स्थितींतील फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइडचे आकडे घनमीटरमागे किती आले, आणि आसनांच्या फोममध्ये कोणते अग्निरोधक वापरले आहेत. असे नेमके प्रश्न आले की ते पत्र अभियांत्रिकी विभागाकडे जाते, आणि तिथून आमच्यासारख्या पुरवठादारांकडे विचारणा येते. गेल्या काही वर्षांत अशा विचारणांमुळेच आमच्या कारखान्यात छताच्या अस्तराचा द्रावकयुक्त गोंद जाऊन पाण्यावर आधारित गोंद आला. उत्तर आले तर त्यातले आकडे येथे जरूर लिहा, मी त्यांचा अर्थ लावून देईन.